व्हर्लिनचा कोबा

आमच्या गल्लीत मदत हवी असली तरी ती कुणी मागत नाही. माणूस अंगणात उभा राहून कामाकडे नुसता बघत राहतो. मग शेजारी येतो, तोही बघतो, वाऱ्यापावसाचं बोलतो आणि जाता जाता विचारतो, "हात लावू का?" यावर "नको रे, जमतंय" म्हणायचं. थोड्या वेळाने तो पुन्हा विचारतो, पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, तुला दुसरं काही काम नसेल तर..." असं म्हणत कबूल व्हायचं. आपल्याकडे पंगतीत जिलबीचा आग्रह चालतो ना, तसंच. फक्त जिलबीच्या जागी फावडं. लग्न करून मिनेसोटातल्या या गावात आले त्याला तीस वर्षं होऊन गेली, तरी मला अजून तो दम धरता येत नाही. मी एका दमात दहा वेळा विचारते, म्हणून माझं विचारणं कुणी हिशेबात धरत नाही.

व्हर्लिन हौग्रुड माझ्या शेजारच्या घरात राहतो. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची उभी हयात गेली. सत्तरी उलटली तरी छपरावर स्वतः चढणार, नळ स्वतः बसवणार, झाड स्वतः तोडणार. त्याची बायको आर्लिस एकदा माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली होती, "मिला, हा माणूस आपल्या शवपेटीचं झाकणसुद्धा आतून स्वतःच ठोकून घेईल." प्रमिलाचं मिला तिनेच केलं. त्या दिवशी आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

त्याच्या पलीकडच्या कुंपणाला डेल्मर. शाळेपासूनचा व्हर्लिनचा जोडीदार, डावखुरा, फटकळ, आणि गावची जी अँब्युलन्स गावातलीच माणसं बिनपगारी चालवतात, तिच्यावरचा सगळ्यात जुना गडी. कमरेच्या पट्ट्याला, कुणी अँब्युलन्स बोलावली की वाजणारा पेजर लावल्याशिवाय तो चर्चमध्येही जात नाही.

जूनमधल्या एका रविवारी, दुपारचं जेवण होता होता आर्लिसचं तोंड वाकडं झालं. अँब्युलन्स दोन गल्ल्या सोडून उभी होती. पण रविवार, माणसं पानावर बसलेली, कशाला कुणाला त्रास, असं म्हणून व्हर्लिनने बायकोला स्वतःच उचललं. स्वयंपाकघराच्या दारातून गॅरेजमध्ये उतरायला तीन पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीवर तो तिच्यासकट पडला. तिला पुन्हा उचलून, गाडीत घालून, जिल्ह्याच्या दवाखान्यात तो एकट्याने घेऊन गेला. डॉक्टर इतकंच म्हणाले, की जरा आधी आली असती तर. आर्लिस वाचली, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एखाददुसरा शब्द तेवढा यायचा, तोही खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा.

तिला ठेवलं होतं त्या शुश्रूषा केंद्रातल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, चाकाची खुर्ची एकही पायरी न लागता घरात गेली पाहिजे, तरच घरी सोडू. व्हर्लिन घरी आला आणि त्याच दिवशी त्याने गॅरेजला हातोडा लावला. उन्हाळाभर एकट्याने भिंती उतरवल्या, जुना कोबा फोडला, खडी आणून भराव घातला, ठोकून ठोकून बसवला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून गल्लीपर्यंत एक लांब, सावकाश उतरता कोबा घालायचा, खुर्ची त्याच्यावरून अलगद घरात जाईल. छप्पर आणि भिंती पुढच्या वर्षी.

कामाला कामासारखाच वेळ लागला आणि ऑक्टोबर उजाडला. माझे टोमॅटो एका रात्रीच्या गोठलेल्या दहिवराने काळे पडले. काँक्रीटचा कारखाना त्या आठवड्यात बंद होणार होता तो थेट मे महिन्यात उघडायला. हा कोबा बिघडला तर आर्लिसचा हिवाळा त्या केंद्रातच. आणि तिथे हिवाळा काढायला गेलेली सगळीच माणसं परत येत नाहीत, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

ट्रक यायच्या आदल्या संध्याकाळी डेल्मर कुंपणाशी आला. "हात लावू का उद्या?"

"नको रे. मधोमध पट्टी ठोकलीय. अर्धा-अर्धा करून फळीने सपाट ओढतो. जमेल."

सकाळी पुन्हा. "बघ हं, मी मोकळाच आहे."

"नको. तू कॉफी पी."

झालं, दोनदा विचारून झालं. मी खिडकीत उभी राहून तिसऱ्याची वाट बघत होते. डेल्मर गेला, खुर्ची घेऊन कुंपणाच्या आपल्या बाजूला बसला. त्याच्या पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट होते आणि खुर्चीखाली त्याची स्वतःची थापी. पण तोंडातून ब्र नाही.

ट्रक आला तेव्हा दक्षिणेचा वारा सुटला होता आणि ऊन असं, की मी स्वेटर काढून ठेवला. मला बरं वाटलं. व्हर्लिनचा चेहरा मात्र उतरला. फोनवर कारखान्यातल्यांनी विचारलं होतं, थंडीसाठी औषध घालू का? ऑक्टोबरात सगळेच घाला म्हणतात, नाहीतर काँक्रीट घट्ट व्हायच्या आधी गोठतं. हाही घाला म्हणाला होता. आता ट्रकच्या पोटात लवकर घट्ट होणारं काँक्रीट आणि वर मे महिन्यासारखा दिवस.

ड्रायव्हर कोवळा पोरगा. इकडेतिकडे बघत म्हणाला, "आजोबा, दुसरा माणूस कुठंय?"

"पहिला मीच, दुसराही मीच. ओत तू."

"पाणी वाढवू जरा? हलकं जाईल हाताला."

व्हर्लिन क्षणभर थांबला. पाणी घातलं की ओढायला सोपं, पण हिवाळ्यात तडकणार. "नको. आहे तसं दे."

ट्रकची पन्हळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचत नव्हती. ते टोक एकचाकी ढकलगाडीने भरायचं होतं. फळीवरून गाडी ढकलत नेली, ओतली, परत आला, पुन्हा नेली. खेपा संपेपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मग पन्हळीने बाकीचं पडलं, ड्रायव्हर "देव तुमचं भलं करो, आजोबा" म्हणून निघून गेला, आणि तो सगळा राखाडी चिखल आणि एक म्हातारा एवढेच उरले.

मी फाटकाशी गेले. "व्हर्लिन, मी येऊ का? सांगा काय करू? बादली धरू? अहो, काहीतरी सांगा!"

"नको नको, मिला. ठीक चाललंय."

माझं विचारणं हिशेबात नाहीच.

डावीकडचा अर्धा भाग त्याने झकास ओढला. लांब फळी करवतीसारखी हलवत मागे सरकायचा, खळगा दिसला की फावड्याने भर घालायचा. नजर ठरणार नाही असा सपाट. पण उजवा भाग ओढायला घेतला आणि गल्लीच्या टोकाजवळ आला, तोवर स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे सगळ्यात आधी ओतलं होतं, तिथली चमक गेली. ओल्या काँक्रीटवर पाण्याची चमक असते. ती गेली की रंधा मारून वरचा भाग गुळगुळीत करायची वेळ झाली. त्याने मान वर करून तिकडे बघितलं, हातातली फळी टाकली, धावत गेला, वाकून अंगठा दाबला. अंगठा जेमतेम रुतला.

आता इकडे ओढायचं राहिलेलं आणि तिकडे घट्ट होत चाललेलं. तिकडे जावं तर इकडचा ढीग दगड होणार, इकडे यावं तर तिकडचा उंबरा खडबडीत राहणार, आणि उंबऱ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. तो दोन्हीकडे धावला. अर्धा रंधा मारला, सोडला, फळी धरली, सोडली. पाण्याची नळी उचलली, तोटीवर बोट ठेवलं आणि परत खाली ठेवली. वरून पाणी मारलं तर काँक्रीटची वरची कातडी सुटून येते, हे त्याला माहीत होतं. त्याच्या छातीचा भाता मला फाटकातून दिसत होता. आणि दर खेपेला, न चुकता, तो कुंपणाकडे एक नजर टाकत होता.

मला राहवेना. मी वळसा घालून डेल्मरकडे गेले. "अहो, विचारा की त्याला! बूट घालून काय बसलात?"

"दोनदा विचारलंय."

"मग तिसऱ्यांदा विचारा! आज कसला मान धरून बसलात?"

डेल्मरने कॉफीचा कप खाली ठेवला. "तिसऱ्यांदा विचारलं आणि नाही म्हणाला, तर संपलं, मिला. मग पुढे विचारता येत नाही." मग पट्ट्याच्या पेजरवर हात ठेवून हळूच म्हणाला, "त्या रविवारी हा माझ्या कमरेलाच होता. मी घरी होतो. पत्ते खेळत होतो. छातीवर हात ठेवून सांगतो, हा वाजला असता तर मी बूटसुद्धा न घालता पळालो असतो. पण त्याने वाजवला नाही. पन्नास वर्षं मीच विचारत आलोय. आता त्याने बोलावलं पाहिजे."

मला दोघांचाही असा राग आला की दोघांना एका बादलीत बुडवावंसं वाटलं. पण डेल्मरचे डोळे भरलेले होते.

तेवढ्यात पलीकडे धप्प आवाज झाला. व्हर्लिन दाराशी, गुडघे रुतू नयेत म्हणून खाली पाट घेऊन रंधा मारायला बसला होता, पाट सरकला आणि तो एका हातावर काँक्रीटमध्ये पडला. उठायला गेला, गुडघा वळेना. हात मनगटापर्यंत रुतलेला. जिथे पडला ती जागा उंबऱ्याच्या बरोबर पुढची, जिथे खुर्चीचं चाक वळणार तीच. तो तसाच ओणवा राहिला, मान खाली घालून. वाऱ्याने त्याची टोपी उडाली, ती गल्लीपर्यंत गडगडत गेली.

"डेल्मर," तो म्हणाला. मोठ्याने नाही.

"हं."

"काही कामात आहेस का तू?"

एवढं म्हणजे आमच्या गल्लीत पुष्कळ झालं. एवढ्यावर माणसं अंथरुणं सोडून धावत येतात. पण डेल्मर हलला नाही. उभा राहिला, कुंपण दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि म्हणाला, "का?"

मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. तो ढिम्म.

व्हर्लिनने मान वर केली. चेहऱ्यावर सिमेंटचा फराटा. त्याने दाराकडे बघितलं, आपल्या रुतलेल्या हाताकडे बघितलं, मग कुंपणाकडे. ओठ हलले, पण काही येईना. त्या क्षणी तो मला आर्लिससारखाच दिसला, शब्द शोधणारा.

"मला जमत नाहीये," तो म्हणाला. "एकट्याला नाही जमत. तू ये."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत डेल्मर कुंपणावर होता. सत्तरीचा माणूस कुंपणावरून जसा उतरेल तसाच उतरला, म्हणजे पँट फाडून. "ऊठ, गाढवा," तो म्हणाला. "कोबा घालतोयस का लोळतोयस?"

"तुझ्यासारखं नुसतं बसायला नाही जमत मला."

"गप. गल्लीकडचं तू बघ. उंबरा माझा."

डेल्मरने पडल्याची जागा फोडली, ट्रकच्या तळाशी उरलेलं ढकलगाडीत राखून ठेवलं होतं त्यातलं भरलं, पालथा पडून, डाव्या हाताने घासत सुटला. व्हर्लिन लंगडत फळी ओढत होता. फळीचं दुसरं टोक मी धरलं आणि या वेळी कुणी नको म्हणालं नाही. माझ्या चपला त्या चिखलातच गेल्या. थापीचा आवाज हळूहळू बदलला, आधी चपचप, मग खरखर, मग काचेवर नाणं फिरवल्यासारखा. सूर्य कलता कलता आम्ही त्याच्यावर प्लास्टिक आणि जुन्या गोधड्या अंथरल्या. मी आणलेली हॉटडिश, म्हणजे इथला भट्टीत भाजलेला बटाट्याचा पदार्थ, दोघांनी भांड्यातूनच खाल्ली. डेल्मर म्हणाला, "मीठ कमी आहे." व्हर्लिन म्हणाला, "तुला कुणी वाढलंय?"

महिनाभराने, पहिलं बर्फ भुरभुरत असताना, आर्लिस घरी आली. गल्लीतून व्हर्लिनने खुर्ची ढकलली. मी दार उघडून आत उभी होते. खुर्ची उतारावरून वर येत होती आणि आर्लिस खाली मान घालून कोबा बघत होती. बर्फ पडायला नुकती सुरुवात होती, त्यामुळे थापीची वळणं स्पष्ट दिसत होती. निम्म्या कोब्यावर उजव्या हाताची, एका बाजूला झुकलेली, आणि उंबऱ्याजवळ बरोबर उलटी. तिने डावा हात वर केला. व्हर्लिन थांबला.

उलट्या वळणांकडे बोट दाखवून ती म्हणाली, "डेल्मर?"

"हो."

तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. ओठ बराच वेळ हलत राहिले. "बोला... बोलावलंस?"

"बोलावलं," व्हर्लिन म्हणाला.

आर्लिस त्याच्याकडे बघत राहिली. बर्फ तिच्या पांघरुणावर पडत होतं. मी आतून बघत होते आणि मला वाटलं, आता ती हसेल.

"उशीर," ती म्हणाली.

व्हर्लिनने मान हलवली. "हो," तो म्हणाला. "उशीर झाला." आणि तिथेच, खुर्चीचे दांडे धरून, तो रडायला लागला. पन्नास वर्षांत त्याला तसं कुणी पाहिलं नसेल. आर्लिसने आपला चांगला हात मागे नेऊन चाचपडत त्याचे पंजे शोधले आणि त्यांवर ठेवला. मग हनुवटीने दाराकडे खूण केली, आणि त्याने तिला आत आणलं.