जुलैत मोठी, डिसेंबरात लहान

मॅडमनं लाकडी फूटपट्टी माझ्या लेकीच्या गुडघ्याला लावली. शाळेच्या व्हरांड्यात. सगळ्यांसमोर.

लेक अकरा वर्षांची. सहावीत. नाव प्रणाली. भिंतीला पाठ लावून उभी होती अन् खाली फरशीकडे पाहून राहिली होती. मॅडमनं पट्टीवरचा आकडा मोठ्यानं वाचला. मग माझ्याकडे वळल्या. मी चार पावलांवर उभा. अंगात स्टील प्लांटचे कपडे, पायात सेफ्टी शूज, हातात हेल्मेट. शाळेतून फोन आला तसा सुपरवायझरच्या विनवण्या करून गेटबाहेर निघालो होतो. मले वाटलं, पोरगी पडली. डोक्याले लागलं असंन.

"हा ट्यूनिक बघा किती वर गेलाय," मॅडम म्हणाल्या. "मुलगी मोठी होतेय. आई-वडिलांना दिसत नाही का? तुमच्या वस्तीत चालत असेल. इथे चांगल्या घरच्या मुली शिकतात."

मॅडम क्लास टीचर. आमच्यासारख्याच मराठी, नागपूरकडच्या. नवरा प्लांटमध्ये अधिकारी. पहिल्या मीटिंगमध्ये, इथं छत्तीसगढात, मी मराठी बोलतो हे ऐकून त्यांले लय आनंद झाला होता. गाव विचारलं. मी भंडाऱ्याकडचं सांगितलं. मग आडनाव विचारलं. मी आडनाव सांगितलं. तेव्हापासून त्या माझ्याशी हिंदीत बोलायच्या. त्या दिवशी मात्र पुन्हा मराठीत बोलल्या. खोलवर लागावं असं वाटलं की माणूस आपल्या भाषेत येते.

फॉर्म भरायचा दिवस होता. व्हरांड्यात दहा-बारा आई-बाप. त्यांच्यात एक बाई आपल्या पोरीचा हात धरून उभी होती. त्या पोरीचा ट्यूनिक आमच्या पोरीच्यापेक्षा दोन बोटं वरच होता. तिले कोणी मोजलं नाही. मी पाहिलं. पाहून गप्प राहिलो.

हेल्मेट काखेत धरलं. हात मोकळे केले. जोडले.

"चुकलं मॅडम," मी म्हटलं.

एवढंच. एवढंच बोललो मी.

बाहेर गेटपाशी गाडी उभी होती. तिथं मी लेकीच्या गालावर मारलं. "लाज नाही वाटत तुले?" म्हटलं. गेटवरचा चौकीदार पाहत होता. पोरगी रडली नाही. तिनं दप्तर पाठीवरून काढलं, पुढं घेतलं, गुडघ्यांवर येईल असं धरलं, अन् गाडीवर मागं बसली. रुआबांध्यापर्यंत, आमच्या वस्तीपर्यंत, तिनं ते दप्तर गुडघ्यांवरून हलवलं नाही.

आता खरं सांगतो. तिच्या मायनं मले दोनदा सांगितलं होतं. पोरगी झपाट्यानं वाढून राहिली, ट्यूनिक आखूड झाला, खालची दुमड उसवून झाली, आता कापडच उरलं नाही. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत चालते. पोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. फर्स्ट शिफ्टले निघालो की ती झोपलेली, सेकंडवरून आलो की ती झोपलेली. अकरा वर्षांची पोर आपलं कापड स्वतः कुठून आणणार? ते पाहणं आमचं काम होतं. माझं काम होतं. चुकलो मी, अन् मार तिनं खाल्ला.

कावून मारलं मी तिले? याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. मॅडमले काही बोलता आलं नाही म्हणून. जे मॅडमकडून घेतलं ते कोणाले तरी द्यायचं होतं. समोर तीच होती.

माझे वडील प्लांट बांधायले आले होते तेव्हा इथं माळरान होतं. ते पर्मनंट झाले, क्वार्टर मिळालं, आम्ही भावंडं प्लांटच्या कॉलनीत, सेक्टरच्या सरळ रस्त्यांवर सायकल शिकलो. ते रिटायर झाले, क्वार्टर गेलं. मी ठेकेदाराचा माणूस. फर्नेसच्या रिपेअरला असतो. प्रणालीले ही शाळा मिळाली ती शिक्षण हक्काच्या कायद्यातल्या, गरिबांसाठी राखीव सीटवर, चिठ्ठी निघाली म्हणून. निघाली त्या दिवशी मी वस्तीत पेढे वाटले. पण शाळेत अशा लेकरांले वेगळं नाव आहे. फ्रीवाले. मास्तर-मॅडम बोलतात ते, लेकरंही बोलतात. सीट जाईल ही भीती तेव्हापासून माझ्या पोटात बसलेली होती. मी त्या भीतीलेच जबाबदारी समजत होतो.

दुसऱ्याच दिवशी मी नवीन ट्यूनिक आणला. एवढा मोठा की पोटऱ्यांपर्यंत आला. घेताना पोरीले सोबत नेलं नाही. विचारलं नाही. आता बघा म्हणा मॅडमले, असं मनात आलं.

मॅडमनं पाहिलं. खुश झाल्या असतील. पोरीचं काय झालं ते मले उशिरा दिसलं.

तिनं खो-खो सोडला. त्या घोळदार कापडात पाय अडकायचा, दोनदा पडली. सायकल सोडली. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात घरातही स्वेटर कमरेले बांधून फिरायची. बसली की मांडीवर उशी. शेजारी एक म्हातारी राहते, छत्तीसगढी, आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरींवर तिचा जीव. तिनं एक दिवस मले अडवून विचारलं, "नोनी खेले बर काबर नइ आवय?" पोरगी खेळायले का येत नाही, असं. मी म्हटलं, अभ्यास वाढला.

तिची माय अंगणवाडीत मदतनीस आहे. दिवसभर लेकरांत असते. ती जास्त बोलत नाही. पण एक दिवस भाकर थापता थापता म्हणाली, "तुमी पोरीले आंग लपवणं शिकवलं. बाकी काय शिकवलं?"

मी चिडलो. चांगलंच बोललो तिले.

त्याच महिन्यात वर्षावास सुरू होता. रविवारी बुद्धविहारात मंडळी जमायची, अन् मले बोलायले उभं करायचे, कारण मले बोलता येते. विषय होता स्त्रियांचे हक्क. मी अर्धा तास बोललो. कायद्यानं काय दिलं, आपल्या आयाबायांनी काय सोसलं, पोरींनी मान वर करून जगलं पाहिजे. टाळ्या पडल्या. प्रणाली मागं बसली होती. मान वर करून जगा, असं मी म्हटलं तेव्हा ती उठली अन् बाहेर गेली. चपला घालताना मले दिसली. मी वाक्य पूर्ण केलं. पण नंतर मले माझाच आवाज ऐकू येईना.

डिसेंबरात शाळेचं गॅदरिंग. प्रणालीले नाचात घेतलं. पाय चांगले पडतात तिचे, ताल पक्का आहे. पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदा ती घरात गुणगुणताना दिसली. तिच्या मायनं मले डोळ्यानंच खुणावलं, बोलू नका म्हणून.

मग ड्रेस आला. भाड्याच्या दुकानातून शाळेनंच आणलेला. प्रणालीनं ती प्लास्टिकची पिशवी माझ्यासमोर ठेवली अन् मागं सरून स्वयंपाकखोलीच्या दाराले टेकून उभी राहिली. मी पिशवी उघडली. चमचम कापड. एवढुसं ब्लाउज, पोट सगळं उघडं, खाली आखूड घागरा. मोठ्या बायका सिनेमात घालतात तसं, लहान मापात शिवलेलं.

"पप्पा, हे घालू?" तिनं विचारलं.

घालते म्हटलं तर मार बसंन की नाही घालत म्हटलं तर, हे तिले माहीत नव्हतं. म्हणून ती दारापाशी उभी होती. दोन्हीकडून पळता यावं म्हणून. माझी लेक. माझ्यापासून. मले तेव्हा कळलं, मी काय करून ठेवलं ते.

मी पिशवी बाजूले ठेवली. म्हटलं, "तुले काय वाटते?"

असा प्रश्न मी तिले कधी विचारलाच नव्हता. ती खाली पाहून म्हणाली, "पोट खुल्लं नाही पाहिजे मले. पण नाचायचं आहे."

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून मी घरी आलो, आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. तिच्या मायले सोबत घेतलं. शाळेत गेलो. स्टाफरूममध्ये मॅडम अन् चार-पाच टीचर बसल्या होत्या. आम्हाले बसा म्हटलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं, की त्याच रंगाची कुर्ती अन् खाली लेगिंग आम्ही शिवून देतो, तिची माय शिवते, वरून शाळेचाच घागरा घालंन, दुरून फरक कळणार नाही.

मॅडम हसल्या. सगळ्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत म्हणाल्या, पाहुणे येणार आहेत. मी पुन्हा म्हटलं, पोरीले संकोच वाटून राहिला. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"एवढ्याशा लहान मुली आहेत त्या. तुम्हाला त्यांच्यात नको ते दिसतं? दोष कपड्यात नाही, तुमच्या लोकांच्या नजरेत आहे."

एका टीचरनं रजिस्टरमध्ये तोंड घालून हसू दाबलं. बापाले, त्याच्या बायकोसमोर, त्याच्याच लेकीबद्दल हे ऐकवलं होतं. अन् माझे हात वर येऊ लागले. सवयीनं. जोडायले. तिच्या मायनं ते पाहिलं. तिनं माझं मनगट धरलं अन् खाली केलं.

तेव्हा मी बोललो. आवाज चढवला नाही.

"मॅडम, जुलैमध्ये तुम्ही म्हटलं, पोरगी मोठी होऊन राहिली. डिसेंबरात ती लहान कशी झाली?"

मी थांबलो नाही. म्हटलं, तेव्हा तुम्ही तिले सगळ्यांसमोर मोजलं, आता सगळ्यांसमोर उघडं करून राहिल्या. ती मोठी कधी अन् लहान कधी, हे तुम्हीच ठरवता. तिले एकदा तरी विचारलं का? मीही विचारलं नव्हतं. मी बाप असून चुकलो. पण आता विचारलं, अन् ती नाही म्हणाली. तिचं नाही ते नाहीच.

प्रिन्सिपल सरांनी आत बोलावलं. ते शांत माणूस. आम्हाले खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, "बच्ची को डान्स से हटा देते हैं. बात खत्म." अन् वर हेही म्हणाले, की कायद्याच्या सीटवरच्या पालकांनी जरा सांभाळून राहावं.

बात खत्म झाली ती त्यांची. प्रणाली प्रॅक्टिसच्या वेळी रिकाम्या वर्गात एकटी बसायची. तिच्या जागेवर दुसरी पोरगी घेतली. गॅदरिंगच्या दिवशी मी सुट्टी घेतली, कुठं बाहेर नेतो म्हटलं, ती नको म्हणाली. दुपारी मी अंगणात बसलो होतो. आतल्या खोलीतून पायांचा आवाज येऊन राहिला होता. गाणं नाही, नुसते पाय. तोच नाच. मी उठलो, दार लोटलं.

ती थांबली. लगेच. ओढणी उचलली अन् खाटेवर बसली.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हटलं, मी चुकलो. तुले मारायले नको होतं. कपडा आखूड झाला तो माझ्यामुळं, तुझ्यामुळं नाही. तिनं ऐकलं. रडली नाही, जवळही आली नाही. मग म्हणाली, "पर उस टाइम तुम्ही मॅडमच्या बाजूनं होते, पप्पा."

तिनं मले माफ केलं नाही, अन् लवकर करावं असं मी म्हणणार नाही. ती अजून मी आलो की बोलता बोलता गप्प होते. ते मले भोगायचं आहे.

मी शाळेले अर्ज लिहिला. हिंदीत, माझ्या हातानं. पोरींचे कपडे लोकांसमोर मोजायचे नाहीत. कपड्याबद्दल काही म्हणायचं असेल तर आई-बापाशी, बंद खोलीत, नीट भाषेत. कार्यक्रमाचा ड्रेस ठरवायच्या आधी पोरींले अन् पालकांले विचारायचं. दहा पालकांकडे गेलो. ज्यांच्या पोरी त्या ड्रेसमध्ये नाचल्या, त्यांच्यातल्याही काहींनी दारातच सांगितलं की त्यांलेही आवडलं नव्हतं. सही एकाच पोरीच्या मायनं केली. आम्ही नवरा-बायको अन् ती, तिघांनी अर्ज दिला अन् शाळेचा शिक्का मारलेली नक्कल हातात पडेपर्यंत ऑफिसातून हललो नाही.

उत्तर अजून आलं नाही. नाही आलं तर वर जाईन, शिक्षण खात्यात. सीट काढून घ्यायची धमकी पुन्हा दिली तर ती कागदावर मागीन. पोरगी या उन्हाळ्यात अजून वाढंन. तिच्या अंगाले येतील, तिले पळता येईल, तिले स्वतःले बरे वाटतील असे कपडे वेळेवर घेणं हे माझं अन् तिच्या मायचं काम. दुकानात ती सोबत येईल अन् पहिले तिले विचारू. बाकी ज्याले तिच्या अंगाबद्दल काही म्हणायचं असेल, मग तो कोणी का असेना, त्यानं माझ्याशी येऊन बोलावं. मी आता हात जोडून ते ऐकून घेणार नाही. अन् तिच्यापर्यंत पोचू देणार नाही.