टाकीचा आवाज

येरमाळ्याच्या त्या मिस्त्रींना आम्ही उस्ताद म्हणायचो. मोटार आली की बॉनेट उघडण्याआधी ते पेट्रोलची टाकी बोटानं ठोकायचे, आवाजावरून ती किती भरलीय ते सांगायचे. त्यांचा कान कधी चुकला नाही. शाळा सोडून कोकणातून आलेल्या मला त्यांनीच ड्रायव्हिंग शिकवलं, मालकांकडं नोकरीला लावलं.

मालकांच्या घरच्या मोठ्या मोटारीचं इंजिन गेलं, तेव्हा त्यांना डिझेलचं बसवायचं होतं. निजामाच्या राज्यात पेट्रोल परवान्यावर मिळायचं. उस्ताद म्हणाले, "डिझेल पहाटं गारठ्यात लौकर उठत न्हाय, मालक. जमाना खराब हाय, घरात बाईमाणसं हैत. पेट्रोलचंच बसवा."

रझाकार गावात शिरले त्या पहाटे मोटार पहिल्याच हँडलला सुरू झाली. सगळं घर मी बार्शीला सुखरूप पोचवलं.

पुढं निजामाचं राज्य गेलं आणि मुसलमानांची घरं पेटू लागली. उस्ताद बायको आणि दोन मुलींना घेऊन मालकांच्या दारात आले.

"मालक, सोलापूरपतुर तेवढं सोडा."

"पेट्रोल कुठंय, उस्ताद?"

टाकी मी आदल्याच दिवशी गळ्यापर्यंत भरली होती. मी म्हणालो, "मालक, मी सोडून येतो की."

"तुला नोकरी जड झाली व्हय रे?"

उस्तादांनी टाकी ठोकली. कान देऊन ऐकलं.

"जाऊ दे बेटा," ते मला म्हणाले, "रिकामीच हाय." आणि मुलींचे हात धरून सोलापूरच्या रस्त्यानं चालू लागले.