आईनं बंद केलेली फोडणी

सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही मयूर विहारच्या नव्या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा बाबा म्हणाले, आता मोकळी हवा! मोकळी हवा कसली? बाजार खुला झाला होता, घरोघरी केबल येत होती आणि आमच्या चहूबाजूंना नव्या इमारतींचं सिमेंट उडत होतं. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या धाकट्या भावाची छाती वाजायला लागली.

आई अमरावतीची. दिल्लीच्या थंडीशी तिचं उभं वैर. तिनं सगळ्या खिडक्या लावल्या, फटींत जुन्या साड्या कोंबल्या आणि माहेरचा उपाय सुरू केला: निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकून धुरी. भाऊ खोकून खोकून लाल व्हायचा आणि ती पाठ चोळत म्हणायची, "खोक राजा, कफ सुटतोय." अडाणीपणा म्हणा हवं तर. इतक्या मायेनं चुकणारं माणूस मला तरी दुसरं भेटलेलं नाही.

एका सकाळी त्याला एक वाक्यही पुरं बोलता येईना. बाबांनी स्कूटर काढली, आई त्याला मांडीवर घेऊन मागे बसली. दवाखान्यात औषधाची वाफ दिल्यावर त्याच्या जिवात जीव आला, आमच्याही. मग डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, "इतवार को सरोजिनी मार्केट गई हैं कभी? घुस तो जाते हैं, निकलना मुश्किल." दम्यात तसंच होतं, त्या म्हणाल्या. धूळ-धूर लागला की श्वासनळ्या आतून सुजतात, आवळतात, कफानं भरतात. आत गेलेली हवा बाहेर पडत नाही, मग ताज्या हवेला जागा कुठली? त्यांनी पंप दिला, तो कसा ओढायचा ते शिकवलं आणि बजावलं, "धुआँ बिल्कुल बंद."

घरी आल्यावर आई म्हणाली, "मीच त्याचा गळा आवळत होते." बाबांनी परोपरीनं समजावलं, पण तिच्या मनातून ते गेलं नाही.

मग तिनं टोकच गाठलं. बुद्धांच्या फोटोपुढची अगरबत्ती गेली ती गेलीच, फोडणीही गेली. डॉक्टरीणबाईंनी फोडणीचं नाव काढलं नव्हतं, पण आईला कोण सांगणार? लोणच्याची फोडणी खालच्या पंजाबी आंटींकडे व्हायची आणि गार होऊन वर यायची. ठेच्याशिवाय घास न उतरणारे बाबा मुकाट्यानं उकडलेलं वरण जेवायचे.

हवा बरी असली की खिडक्या उघडायच्या, धूळ ओल्या फडक्यानं पुसायची, पंप चुकवायचा नाही. असं करत भाऊ सावरला, क्रिकेट खेळायला लागला. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "अब खिड़की खोलकर तड़का लगाइए." आईनं मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा वरण उकडलं.

अखेर एका रविवारी भाऊच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "आई, यार, आज तडका लगाओ ना! आंटीकडे जाऊन किती वास घ्यायचा?" त्यानं खिशातला पंप दाखवला. "मी इथेच उभा आहे."

बाबांनी खिडकी सताड उघडली. आईनं पळीत तेल तापवलं. मोहरी तडतडली, लसूण पडला, लाल मिरची पडली. आम्हाला सगळ्यांना ठसका लागला, भावालाही. आई पांढरीफटक पडली. त्याचा ठसका थांबला. त्यानं खोल श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. छाती वाजली नाही. आई पळीकडे बघतच नव्हती. तिचे डोळे त्याच्या छातीवर खिळले होते. शेवटी गॅस मीच बंद केला.

जन्मात तिची फोडणी कधी करपली नव्हती, त्या दिवशी कोळसा झाली. ते कडू वरण बाबांनी दोनदा मागून घेतलं. आई मात्र ताट तसंच ठेवून भावाला म्हणत होती, "पुन्हा एकदा घे बघू श्वास."