उपाशी चाक

माझ्या नव्या हलक्या सायकलचं पायडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकाच्या मधला हब टर्रर्र वाजायचा. नांदेडात लोक वळून बघायचे. खरं तर त्या आवाजासाठीच मी ती घेतली होती.

लोह्याजवळ पंक्चर झाली. लिंबाखालच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं पंक्चर काढलं, चाक फिरवलं, डोळे मिटून हबला कान लावला आणि हळहळला. "किती दिस उपाशी ठिवलं हो सर? वरडायलंय बिचारं!"

मी तोंड उघडेपर्यंत त्यानं हब खोलला आणि लेकराला भात भरवावा तसं बोटानं ट्रॅक्टरचं ग्रीस भरलं. पुन्हा चाक फिरवून कुजबुजला, "बघा, झोपलं."

आता मी रोज आवाज न करता गल्लीतून जातो. काल शेजारी हळूच म्हणाले, "सायकल इकली का हो सर?"