पहिला वारा वैशीचा

गाडीत एसी असणं आणि गाडीत गार वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या चार दिवस आधी कळलं.

दोन हजार सालाच्या आगेमागची गोष्ट. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत एसीची गाडी माझी एकट्याची. (जुनी होती. जयसिंगपूरच्या एका डॉक्टरांनी वापरून दमवलेली. पण एसी होता!) वैशीच्या साखरपुड्यात नेमकी लाइट गेली, पंखे थांबले, आणि घामानं तिचं काजळ पार हनुवटीपर्यंत आलं. फोटो बघून कागलच्या पाहुण्यांनी, म्हणजे नवऱ्यामुलाच्या आत्यांनी, मुद्दाम विचारून पाठवलं की लग्न पोरीच्या मनाविरुद्ध तर होत नाही ना. तेव्हापासून वैशीनं माझ्याकडून एकच वचन घेतलेलं.

"दादा, पार्लरमधनं कागलच्या मांडवापर्यंत मला कोरडी पोचवायची. तोंड उतरलं तर मी लग्नाला उभीच राहत न्हाय बघ."

मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. मला जागेपणी स्वप्नं बघायची खोड आहे. मला तर लगेच दिसलंच: बाहेर मे महिन्याचं ऊन, आत पहाटेसारखा गारवा, वैशीच्या बटा हळूच हलतायत, आणि ती म्हणतेय, भाऊ असावा तर असा.

प्रत्यक्षात ब्लोअर चार नंबरवर केला की पिठाच्या गिरणीसारखा आवाज यायचा आणि वारा मात्र बशीतल्या चहावर कुणी फुंकर मारावी एवढाच. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मागच्या सीटवर पुठ्ठ्याचा पंखा आणून ठेवला. ते फार लागलं.

शेवटी हायवेकडेच्या एका मिस्त्रींकडे गेलो. वयस्कर माणूस, घाई कशी ती नाही. एसीच्या जाळीपुढे उपडा हात धरून म्हणाले, "गार हाय. म्हंजे गॅस बरोबर हाय. वारंच न्हाय." मग त्यांनी बटण एकपासून चारपर्यंत फिरवायला लावलं. आवाज वाढत गेला, पण जाळीपुढे धरलेला वर्तमानपत्राचा कपटा हलेना. पंखा फिरतोय आणि वाट बंद आहे, असं म्हणून त्यांनी डाव्या सीटपुढचा कप्पा उतरवला, आतला ब्लोअर बाहेर काढला आणि उजेडात धरला.

पंख्याच्या पात्यापात्यात गुलाबी चिखल होता. त्यात झेंडूच्या पाकळ्या आणि तांदूळ.

"पावणं, ह्ये काय वो?"

आता सांगायलाच हवं. गाडी घेतल्यापासून दर रविवारी मी ती जोतिबाला न्यायचो. बॉनेटवर हार, अक्षता आणि मूठभर गुलाल. काचेच्या खाली, वायपरपाशी, एक काळी जाळी असते ना? ती कंपनीनं पूजेसाठी करून दिलेली सोय आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. फुलं तिथं अगदी नीट बसायची, गुलालही तिथंच जास्त वाहायचो. मग डोंगर उतरताना बाहेरची हवा आत यावी म्हणून बटण कायम तिकडेच. आत गुलालाचा, फुलांचा वास भरून राहायचा आणि मला वाटायचं, देव गाडीत बसून गावापर्यंत सोबत येतोय. (तो येतच होता. हप्त्याहप्त्यानं.)

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "निवद गाडीला दावायचा असतोय. भरवायचा न्हाय."

त्यांनी पाती घासली, वायपरपाशी असलेली जाळी उचकटून खालची घाण उपसली. त्या ओल्या घाणीत झेंडूचं एक रोप उगवलं होतं! दोन बोटं उंच, चार हिरवी पानं. मी ते ऑइलच्या रिकाम्या डब्यात लावलं आणि बघतच राहिलो. माझ्या गाडीला पालवी फुटली होती. इकडे मिस्त्री काहीबाही सांगत होते आणि मी मान हलवत होतो. त्यातलं शेवटचं "मग खुशाल माणसं बसवा" एवढंच डोक्यात शिरलं.

गाडी घरी आणली, पण ब्लोअर लावला नाही. म्हटलं, पहिला वारा वैशीचा.

लग्नाच्या दिवशी वैशी पार्लरमधून उतरली आणि मला एकदम भरून आलं. पिवळा शालू, नाकात नथ, आणि चेहरा इतका देखणा की ही आपल्याशी रिमोटवरून भांडायची हे खरं वाटेना. तिला पुढे बसवली. मागे आई आणि आबा. चारी काचा वर केल्या, सगळ्या जाळ्या वैशीकडे वळवल्या आणि डोळे अर्धे मिटून बटण थेट चारवर नेलं.

भप्!

वारा आला. काय वारा आला! आणि त्याच्याबरोबर पाइपात चार दिवस वाळत पडलेला सगळा गुलाल आला. गाडीत क्षणभर काही दिसेना. मागून आबा सवयीनं ओरडले, "चांगभलं!"

धुरळा बसला तेव्हा वैशी गुलाबी होती. कपाळ, नथ, शालू, पापण्या, सगळं. तिनं आरशात बघितलं, एक शिंक दिली आणि अगदी शांतपणे विचारलं, "दादा, मिस्त्री काय म्हणालेला?"

मी रस्त्याकडेच्या टपरीवरून मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, सांगितलं नव्हतं व्हय, पाइपात ओला गुलाल राहिलाय, उद्या वाळला की चारी दारं उघडी टाकून, आत कुणी न बसता, अर्धा तास फुल सोडा, मग खुशाल माणसं बसवा. आईनं पदरानं पुसायचा प्रयत्न केला, तर रंग आणखीच बसला. मुहूर्ताला जेमतेम पाऊण तास राहिलेला. मला रडू येत होतं, पण आधी रडायचा हक्क वैशीचा होता आणि ती रडत नव्हती, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती.

कागलला मांडवापुढे गाडी थांबली. पहिल्या पुढे आल्या त्या आत्याच. त्यांनी वैशीला खालून वरपर्यंत बघितलं. मी डोळे मिटले.

"जोतिबाला जाऊन आली व्हय गं पोरी?" आत्यांनी हात जोडले. "आमचं कुलदैवत त्ये. त्याचा गुलाल घिऊन मांडवात उतरलीस, आता मला कायबी इचारायचं न्हाय." आणि त्यांनी सगळ्यांसमोर तिची दृष्ट काढली. वैशीनं खाली मान घातली. लाजली म्हणून नाही. हसू दाबत होती.

झेंडूला दिवाळीपर्यंत फुलं आली. त्यानंतर मी तीन गाड्या बदलल्या. पण वैशी माहेरी आली की अजून बसायच्या आधी चारी काचा खाली करते, पदर तोंडावर घेते आणि मगच म्हणते, "हं, लाव आता."

मी सांगून बघितलं, अगं, ही गाडी नवी कोरी आहे.

"व्हय की," ती पदराआडून म्हणते. "पण डायवर जुनाच हाय."