सुटलेले टाके

गुन्हा साध्या चोरीचा होता, पण त्याचा पंचनामा मला आजही तोंडपाठ आहे. नव्वदच्या दशकात मी जुन्नर तालुक्यात फौजदार होतो. आमच्या हद्दीत रेडिओ दुर्बिणींच्या प्रचंड बशा उभ्या राहत होत्या. त्या पत्र्याच्या नव्हत्या. स्टीलच्या बारीक तारांची जाळी, तिचा प्रत्येक सांधा वेल्डिंगने जोडलेला, आणि ती सांगाड्यावर ताणून बसवायची. जाळी कुठे सैल पडली की आकाशातून येणाऱ्या लहरी नीट पकडता येत नाहीत, असं तिथले इंजिनिअर सांगत.

एका सकाळी ठेकेदाराचा सुपरवायझर ठाण्यात आला आणि जाळीची भेंडोळी चोरीला गेल्याची फिर्याद दिली. कलम ३७९ खाली गुन्हा नोंदवला. चार दिवसांनी आमचे हवालदार समन्स बजावायला डिंभ्याला गेले, ते बातमी घेऊनच परतले.

"साहेब, धरणाकाठी एका घरापुढं मासळी वाळत घातलीय. खाली चकाकती जाळी. गंजाचा ठिपका नाय."

पंचांसमक्ष जाळी जप्त केली. घरमालकाने लगेच सांगितलं, "बहिणीनं दिली." बहीण प्रकल्पावर वेल्डिंग करायची. मूळची पारगावची, कामासाठी जवळच खोली घेऊन राहिलेली. बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही हा नियम, म्हणून महिला पोलिसाला घेऊन मीच तिच्याकडे गेलो. जाळी सोबत होती. सुपरवायझरचं नाव अजून कुणी घेतलं नव्हतं; माझ्या मनात ती बाईच चोर ठरलेली होती.

बाई रडली नाही, हातापाया पडली नाही.

"जाळी मीच दिली, साहेब. पर चोरली न्हाई. सुपरवायझर म्हनला, बाद माल हाय, कुठंबी ने."

"गेटपास?"

"त्यांच्याच गाडीतनं भाईर आली. मला कोन पास देतंय?"

तीनदा फिरवून विचारलं, उत्तर बदललं नाही. शेवटी मी म्हणालो, "बाद कशावरून?"

तिने जाळीच्या कडेवर पाय दिला आणि दोन्ही हातांनी ओढली. तटातट वेल्डिंगचे टाके सुटले.

"काम उरकायचं म्हनून टाक्याचा टाइम कमी केला त्यांनी. टाका बसायच्या आदीच जाळी फुडं सरकायची. मी दोनदा सांगितलं. म्हनले, तुला काय कळतंय."

"टाइम कमी केला तेव्हाची बाकीची जाळी कुठंय?"

"बशीवर बसवली की. उद्या ती बशी मनोऱ्यावर चढनार हाय."

मी तसाच जीपने प्रकल्पावर गेलो. इंजिनिअरसाहेबांनी जप्त जाळीचा तुकडा हातात घेऊन ओढला आणि त्यांचा चेहरा उतरला. सुपरवायझरला बोलावलं.

"बाई खोटं बोलतीय," तो म्हणाला.

"मग बशीवर चला. माझ्यासमोर जाळी ओढून दाखवा."

तो बशीकडे न जाता खुर्चीत बसला. "काम मागं पडलं व्हतं, साहेब. बाद झालेला माल भाईर काढला. साठ्याची मोजणी निघाली, तवा चोरी सांगितली."

बशी चढवणं थांबवलं. तपासणीत जाळीचा मोठा भाग कच्चा निघाला. तो काढून नवा बसवला. वर गेल्यावर वाऱ्याने जे केलं असतं ते जमिनीवरच कळलं. गुन्हा खोटा असल्याचा 'ब' समरी अहवाल मी कोर्टात पाठवला. खोट्या फिर्यादीबद्दल सुपरवायझरवर कारवाई झाली. बाईला इंजिनिअरसाहेबांनी टाके तपासायच्या कामावर घेतलं.

तिच्या खोलीत शिरताना अटकेची तयारी करून गेलो होतो, याची मला पुढे फार लाज वाटली. माल ज्याच्याकडे सापडला तोच चोर, असं धरून चाललं की पोलिसाचे कष्ट वाचतात. पण मुद्देमालाचंही म्हणणं असतं. तो हातात घेऊन, ओढून, उलटून बघावा लागतो. हे मला पोलीस ट्रेनिंगने नव्हे, त्या बाईने शिकवलं.

बशी चढवली त्या दिवशी मी ड्युटी नसताना गेलो. क्रेनने ती सावकाश वर नेली, वारं जाळीतून आरपार गेलं, काही हललं नाही. बाई शेजारीच उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

"साहेब, आता लई झोप येनार बघा," ती म्हणाली.

"मलाबी," मी म्हणालो.