भाषणातून गाळलेले उंदीर

चंदीगडच्या मराठी मंडळींनी मला ‘आपला शास्त्रज्ञ’ म्हणून भाषणाला बोलावलं आणि मी हुरळून गेलो. एरवी दिवसभर हिंदी नाहीतर इंग्रजी. ऐटीत मराठी बोलायला इथे मिळतं कुठे? विषय माझ्याच प्रयोगशाळेतला होता, विसराळूपणाच्या आजारावरचं नवं औषध. सेक्टर ३४ मधला हॉल चक्क भरला होता.

उंदरांवरच्या प्रयोगाची स्लाइड आली तेव्हा मागची पोरं “यार, बोरिंग है” म्हणत मोबाइल काढू लागली. मी ती स्लाइड सरळ ओलांडली आणि म्हणालो, “थोडक्यात काय, गेलेली आठवण परत येते!” टाळ्यांचा कडकडाट झाला. शोधनिबंधात आम्ही ‘उंदरांमध्ये’ हा शब्द शीर्षकातच घालतो. गाळला तर सहकारी फाडून खातील. इथे मला टोकणारं कुणी नव्हतं, आणि खरं सांगतो, टाळ्या गोड लागल्या.

पुढच्या रविवारी एक काकू एयरोसिटीतल्या माझ्या घरी आल्या. भाषणाला त्या पहिल्या रांगेत होत्या. सोबत हवाई दलातून निवृत्त झालेले काका आणि त्यांच्या तपासण्यांची जाडजूड फाइल. काका सोफ्यावर ताठ बसले होते. “आपण कोण?” त्यांनी हसून तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी म्हणालो, “मी शास्त्रज्ञ आहे, काका.”

“सर, औषध कधी सुरू करायचं ते पक्कं सांगा,” काकू फाइल उघडत म्हणाल्या. “दिवाळीपासून हे मला ताई म्हणतात.”

“काकू, ते औषध अजून फक्त उंदरांना दिलंय. माणसांना द्यायला वर्षं जातील. कदाचित कधीच देता येणार नाही.”

“भाषणात असं नव्हतं सांगितलंत.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “वेळ कमी होता,” मी म्हणालो. धडधडीत खोटं. अजूनही त्याची लाज वाटते.

काकूंनी फाइल मिटली नाही. माझ्याकडे सरकवली.

“मग यांना उंदीर समजा, सर. पण नाव लिहून घ्या.”

“आपण कोण?” काकांनी पुन्हा विचारलं. या वेळी मला शास्त्रज्ञ म्हणवेना.